परसात दुपारी वाचायला आणि रात्री सिनेमा बघायला एकच जागा करायचीय, सुरुवात कुठून करू?

मागचं_दार:

नमस्कार मंडळी. आमच्या घराच्या मागे साधारण २२ फूट बाय १४ फुटाची जागा आहे. कित्येक वर्षं तिथे नुसती अडगळ साठत गेली, फुटक्या कुंड्या, काढून ठेवलेली दारं, एक गंजलेली सायकल, तळ गेलेली टाकी. मागच्या महिन्यात दोन रविवार लावून आम्ही सगळं काढलं आणि मोकळी झाल्यावर पहिल्यांदाच कळलं की अरे ही जागा केवढी आहे!

आता मुद्दा असा की बाबा ७१ वर्षांचे आहेत. त्यांना नाद दोनच, वाचन आणि थेटरात जाऊन सिनेमा बघणं. पण गेली दोन वर्षं गुडघ्यांमुळे थेटर बंदच झालंय, पायऱ्या चढवत नाहीत, अंधारात पाय कुठे पडेल याची भीती वाटते, आणि आवाज एवढा मोठा असतो की कान दुखतात पण संवाद काही कळत नाहीत असं म्हणतात. घरी टीव्हीवर लावून दिला तर अर्ध्या तासात उठून आत जातात. वाचनाचंही तेच, पुस्तक घेऊन बसतात, चार पानं झाली की बोट आत ठेवून मिटून घेतात आणि खिडकीबाहेर बघत राहतात. चष्म्याचा नंबर दोनदा तपासला, बरोबर आहे. आई म्हणते त्यांना पुस्तक नको झालेलं नाही, ती खोली नको झालीय.

म्हणून ही जागा त्यांच्यासाठी करायची असं ठरवलंय. घर पूर्वेला, आणि त्याच्या समोर पश्चिमेला कुंपणाची ७ फुटी भिंत, १४ फूट रुंद. नैऋत्य कोपऱ्यात एक मोठं जुनं झाड. मागच्या दाराला उतरायला दोन पायऱ्या. बांधकामवाल्यांनी येऊन मापं घेतली आणि त्यांचं म्हणणं पूर्ण जमीन काँक्रीट करून घ्या, मधोमध पत्र्याची शेड टाका, भिंतीला लोखंडी फ्रेममध्ये पडदा बसवा. ऐकायला सगळं छान वाटतं पण एकदा केलं की केलं, म्हणून आधी इथे विचारतेय. कोणी असं काही केलं असेल तर सांगा, प्रोजेक्टरमधलं तर मला काहीच कळत नाही.

ओसरी:

ताई, काँक्रीट आत्ता अजिबात टाकू नका. कळकळीने सांगतेय कारण आम्ही नेमकं हेच केलं आणि निस्तरायला दोन वर्षं गेली. जागा मोकळी झाली त्याच आठवड्यात आम्ही शेड उभी केली, कोपरा निवडला तो कागदावर बरा दिसला म्हणून. मग कळलं की दुपारी ३ नंतर ऊन तिरकं होतं आणि शेडच्या खालून सरळ खुर्चीवर येतं, शेडची सावली पडते ती आठ फूट पलीकडे जिथे कोणीच बसत नाही. पत्रा तापला की खाली बसवत नाही आणि पाऊस आला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. शेवटी सासूबाई आपली खुर्ची उचलून घराच्या उत्तरेच्या भिंतीला नेऊन ठेवायला लागल्या आणि अजून तिथेच बसतात, शेडमध्ये आता कपडे वाळतात.

तुम्ही एवढंच करा, एक सुट्टीचा दिवस धरा आणि सकाळी ८ पासून दर दोन तासांनी बाहेर जाऊन सावलीची कड जिथे असेल तिथे दगड ठेवत जा, दगडावर खडूने वेळ लिहा. तुमचं घर पूर्वेला आहे म्हणजे सकाळभर घराचीच सावली परसात असणार, मागच्या दाराजवळ निवांत बसता येईल. दुपारी ती आक्रसत जाईल आणि मग कामाला येईल ते तुमचं झाड, ते नैऋत्येला आहे म्हणजे उतरत्या दुपारी त्याची सावली ईशान्येकडे, परसाच्या आत पडणार. हे फुकटचं छप्पर आहे तुमच्याकडे! मधोमध शेड टाकली तर ते झाड वायाच.

आणि बाबांच्या वाचनाबद्दल एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं आणि बाहुलीही पूर्वीसारखी मोठी होत नाही, साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. चष्म्याचा नंबर बरोबर असला तरी ही कमी राहतेच. घरात संध्याकाळच्या दिव्याखाली १००-२०० लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, बाहेर उघड्या आकाशाखाली सावलीत तोच सहज १०,००० च्या आसपास. भर उन्हात मात्र लाखाला टेकतो आणि पांढरं पान डोळ्यात खुपतं, म्हणून ऊन नको, सावलीच हवी, पण वरून आकाश दिसेल अशी सावली. तुमच्या बाबांना खोली नको झालीय असं आई म्हणतात ना, मला वाटतं त्यांना बरोबर समजलंय, फक्त त्यात उजेडाचा भाग मोठा असेल.

पुस्तकांचं कपाट बाहेर करू नका हे जाता जाता सांगते. दमट हवेत बुरशी धरते आणि उन्हाने पानं पिवळी पडून ठिसूळ होतात. झाकणाची टोपली ठेवा, बसताना न्यायची उठताना आत आणायची.

शेवटची_रांग:

वरच्या ताईंशी १०० टक्के सहमत. आता रात्रीच्या भागाबद्दल मी सांगतो, गेली पाच वर्षं आमच्या अंगणात दर पंधरा दिवसांनी सिनेमा होतो.

पहिली गोष्ट, पडदा विकत घेऊच नका, तुमच्याकडे भिंत आहे. कापडी पडदा वाऱ्यात शिडासारखा फुगतो, आमचा दोनदा फाटला आणि एकदा तर फ्रेमसकट आडवा झाला, नशीब तिथे कोणी बसलेलं नव्हतं. भिंतीचा मधला भाग गिलावा करून गुळगुळीत करा, पूर्ण सुकू द्या आणि पांढरा मॅट रंग द्या, चकचकीत रंग चालणार नाही, प्रोजेक्टरचा दिवा मधोमध डाग होऊन दिसतो. रंगवलेल्या भागाभोवती चार इंचाची काळी पट्टी काढा, चित्र एकदम उठून दिसतं, फरक बघून तुम्हीच चकित व्हाल.

मापं सांगतो. १०० इंची चित्र म्हणजे रुंदीला सव्वासात फूट आणि उंचीला चार फुटाच्या जरा वर. जमिनीपासून अडीच फूट सोडून सुरू केलंत तर तुमच्या ७ फुटी भिंतीत बरोबर बसतं. याहून मोठ्याचा मोह होईल, धरू नका. चित्र दुप्पट रुंद केलं की क्षेत्र चौपट होतं आणि तोच उजेड चौपट जागेत पसरतो, म्हणजे चित्राचा उजेड चौथा हिस्साच उरतो. थेटरातल्या डिजिटल पडद्याच्या उजेडाचं ठरलेलं प्रमाण ४८ निट (पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप) आहे, आणि प्रोजेक्टरमधून निघणाऱ्या उजेडाचे खरे ५०० लुमेन पांढऱ्या मॅट भिंतीवर १०० इंचात टाकले तर जवळपास तेवढाच उजेड मिळतो. खरे म्हणतोय ते मुद्दाम. खोक्यावर ८,०००, १२,००० असे आकडे छापलेले असतात ते सोडून द्या, आन्सी लुमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले, किती एवढंच विचारा, तो आकडा लिहिलेलाच नसेल तर ते मशीन घेऊ नका.

प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा ते त्याच्या थ्रो रेशोवर. रेशो १.२ असेल तर चित्राच्या रुंदीच्या १.२ पट, म्हणजे भिंतीपासून साधारण पावणेनऊ फूट. माणसं दहा-बारा फुटांवर. चित्र तिरकं पडलं तर सेटिंगमध्ये जाऊन सरळ करता येतं पण त्यात चित्राची धार जाते, त्यापेक्षा स्टूल हलवून प्रोजेक्टरच सरळ करा.

तुमची भिंत पश्चिमेला आहे त्यामुळे एक फायदा एक तोटा. मावळतीचा उजेड भिंतीच्या मागून येतो, चित्रावर पडत नाही, हा फायदा. पण भिंतीच्या वरचं आकाश बराच वेळ उजळ राहतं आणि डोळे तिकडे ओढले जातात. सूर्य मावळल्यावर पाऊण तास थांबा, घाई केलीत तर पहिली वीस मिनिटं नुसतं सावल्यांचं काहीतरी दिसतं आणि बाबा तेवढ्यात कंटाळून उठतील.

आवाजाचं सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्याने कान दुखतात आणि संवाद कळत नाहीत या दोन्ही गोष्टी एकदम होणं उतारवयात बऱ्याच जणांना होतं, कानाची तपासणी एकदा करून घ्याच. परसात एक सोय असते, भिंतींवरून आवाज परत परत आदळत नाही त्यामुळे बोलणं मोकळं ऐकू येतं. मोठा स्पीकर भिंतीपाशी ठेवून आवाज वाढवू नका, छोटा स्पीकर बाबांच्या खुर्चीपासून तीन फुटांवर ठेवा. उघड्यावर अंतर अर्धं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे बारा फुटांवरून तीन फुटांवर आणला तर १२ डेसिबल नुसते जागा बदलून मिळाले, बटणाला हातही न लावता, आणि शेजाऱ्यांनाही त्रास नाही. स्पीकर वायरने जोडा, ब्लूटूथवर आवाज मागे राहतो आणि ओठ आधी हलतात. चित्राखाली संवादांची अक्षरं लावा, बाबांना वाचायची आवड आहे त्यांना ते जडही जाणार नाही.

वीज बाहेर नेताना गळती झाली की लगेच तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवूनच न्या, आरसीसीबी म्हणतात त्याला, आणि वायरचे जोड ओल्या जमिनीवर टेकू देऊ नका. यात काटकसर नाही.

बाकी भिंतीवर सिनेमा, अंगणात खुर्च्या यात कमीपणा वाटून घेऊ नका. गाडीत बसून बघायचं उघड्यावरचं थेटर अमेरिकेत पहिल्यांदा रीतसर सुरू केलं रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी, न्यू जर्सीत कॅमडेनजवळ, ६ जून १९३३ ला. त्याआधी त्यांनी सगळे प्रयोग स्वतःच्या घराच्या आवारात केले होते, झाडांना पडदा बांधून आणि गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवून.

मागचं_दार:

बापरे, एवढं सविस्तर! दोघांचेही मनापासून आभार. काँक्रीटवाल्यांना आजच थांबा म्हणून सांगितलं. दगडांचं उद्याच करते. बाबांसाठी बाक करावा की खुर्ची? आणि जमीन मातीचीच ठेवली तर पावसात चिखल होईल ना?

रंधा:

ताई, मी हौशी सुतारकाम करतो, बाकाच्या आधी एक सांगतो. तुम्ही लिहिलंय की मागच्या दाराला दोन पायऱ्या आहेत आणि बाबांना अंधारात पाय ठेवायची भीती वाटते. मग परसात सगळ्यात आधी काय पक्कं करायचं तर त्या पायऱ्यांना कठडा. हाताला धरायला गोल दांडा, पायरीच्या पुढच्या कडेपासून ३४ ते ३६ इंच उंच, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर लांब आलेला. थेटर त्यांनी पायऱ्यांमुळे सोडलं, इथेही पायऱ्याच आड आल्या तर बाकी सगळं सुंदर करूनही ते दारातच उभे राहतील.

दुसरं, पूर्ण जमीन नाही, दारापासून बसायच्या जागेपर्यंत फक्त तीन फुटी वाट करा. माती चार-सहा इंच खणा, मुरूम टाकून धुमसाने नीट ठोका, वर दोन इंच वाळूचा थर आणि त्यावर फरश्या, घरापासून लांब उतार, पाच फुटाला एक इंच. दोन फरश्यांमध्ये बोटभरही उंचसखल नको, गुडघे दुखणारा माणूस पाय उचलत नाही, घासत नेतो. पाणी फटींतून जमिनीत जातं आणि उद्या जागा बदलावीशी वाटली तर फरश्या उचलून नेता येतात. झाडाजवळ खणताना जाड मूळ लागलं तर तोडू नका, वाट वळवा.

आता बाक की खुर्ची. बाबांसाठी खुर्ची, आणि हात असलेली. बैठक १८ ते १९ इंच उंच ठेवा, बाजारात मिळणाऱ्या बागेतल्या खुर्च्या बऱ्याचदा १५-१६ च्या असतात, त्यात बसायला छान वाटतं पण उठताना सगळा भार गुडघ्यावर. हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत, अर्ध्यात संपणारे नकोत, कारण उठताना माणूस हाताच्या टोकाला धरून स्वतःला वर ढकलतो. बैठकीला मागे उतार अगदी थोडा द्या, खोलगट खुर्चीत झोप येते पण उठवत नाही. खोली १६-१७ इंच, पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. बाबांना घरातल्या ज्या खुर्चीतून सहज उठता येतं तिची मापं घ्या, माझ्या आकड्यांपेक्षा ती खरी.

लाकूड वापरणार असाल तर बैठकीच्या पट्ट्यांमध्ये ६ मिलिमीटर फट ठेवा म्हणजे पाणी थांबत नाही. खरा घात होतो तो पायांच्या तळाशी. लाकडाच्या उभ्या शिरा तिथे उघड्या असतात आणि त्या बारीक नळ्यांसारखं जमिनीतलं पाणी वर ओढतात. माझी पहिली खुर्ची वरून नवी कोरी दिसत होती आणि एक दिवस पाय हाताने दाबला तर भुसा झाला. तेव्हापासून मी खुर्ची उलटी करून तळाला तेल पाजतो, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत, तीनदा चारदा, आणि पाय कधीच मातीवर टेकवत नाही, खाली चपटा दगड. वाळवीलाही त्यानेच आळा बसतो. खुर्ची जमिनीत पक्की करू नका मात्र, सावली फिरते तशी तीही फिरायला हवी.

रातराणी:

सगळं आलं, डासांचं राहिलं म्हणून लिहिते. कुंडीखालच्या बशा, झाडाची ढोली, उलटं न ठेवलेलं बादलीचं झाकण, जिथे पाणी साठतं ते आठवड्यातून एकदा ओतून टाका न चुकता, अंड्यापासून डास व्हायला उबदार दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात. आणि सिनेमाच्या वेळी एक उभा पंखा पायांच्या दिशेने लावा, डासांना वाऱ्यात धड उडता येत नाही. आमच्याकडे एवढ्यानेच भागतं, धूर आम्ही बंदच केला कारण प्रोजेक्टरच्या उजेडात तो चित्रभर दिसतो.

मागचं_दार:

पाच आठवडे झाले, काय काय झालं ते सांगायला आलेय.

दगड ठेवले. सकाळी ८ चा आणि १० चा मी ठेवला, १२ ला बाहेर जाते तर बाबा खडू घेऊन आधीच उभे. त्यानंतरचे सगळे त्यांनीच ठेवले, दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं कारण पहिल्या दिवशी २ वाजता ढग आले होते. आता वहीत नकाशा आहे, कुठल्या वेळी खुर्ची कुठे. दुपारी ४ ची सगळ्यात चांगली जागा झाडाच्या बुंध्यापासून सहा फुटांवर निघाली, शेड होणार होती तिथून पार वेगळीच.

कठडा झाला, पहिलं काम तेच केलं. वाट दोन शनिवार-रविवार घेऊन आम्ही घरच्यांनीच केली, एका मोठ्या मुळाला वळसा घालून, त्यामुळे ती थोडी वाकडी आहे आणि मला तशीच आवडते. खुर्ची अजून नवी केली नाही, जेवायच्या टेबलाची एक हातवाली होती ती १८ इंच भरली, सध्या तीच बाहेर जाते.

वाचन! चार पानांवर मिटणारं पुस्तक आता झाडाखाली दीड-दोन तास उघडं असतं. मध्येच आईला हाक मारून एखादा उतारा मोठ्याने वाचून दाखवतात, हे मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. कानाची तपासणीही झाली, थोडं कमी आलंय, यंत्र लावायचं ठरतंय.

आणि मागच्या शनिवारी पहिला सिनेमा लावला, त्यांनीच निवडलेला जुना कृष्णधवल. भिंत रंगवली, काळी पट्टी काढली, स्पीकर खुर्चीशेजारी स्टुलावर. पाऊण तास थांबलो. दोन तास वीस मिनिटांचा सिनेमा, बाबा एकदाही उठले नाहीत. मध्यंतराची पाटी आली तेव्हा सवयीने कठड्याकडे बघितलं फक्त, मग म्हणाले चालू ठेव. संपल्यावर नावं वर जाईपर्यंत बसून राहिले, थेटरात बसायचे तसेच.

आता एकच अडलंय. संध्याकाळी ऊन गेल्यापासून सिनेमा सुरू होईपर्यंतचा तासभर त्यांना तिथेच वाचायचं असतं, आत यायला तयार नाहीत. पांढरा बल्ब लावला तर पंधरा मिनिटांत पुस्तकावर किडे. काय करावं?

ओसरी:

किती छान वाटलं वाचून! दिवा पिवळसर घ्या, २७०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) किंवा त्याच्याही खालचा, निळा भाग कमी असला की किडे कमी येतात. आणि तो खुर्चीला लावू नका, किडे दिव्याभोवतीच जमतात. मागच्या बाजूला चार-पाच फुटांवर, डोक्यापेक्षा उंच, खांद्यावरून पानावर उजेड पडेल असा, वर टोपीसारखं झाकण असलेला. झाडाला खिळा ठोकू नका, पट्टा बांधून अडकवा, आणि त्याचं बटण बाबांच्या हाताशी ठेवा म्हणजे सिनेमा सुरू झाला की तेच बंद करतील.